मायलोमासाठी काढलेले फोटो: एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि पेट, एका फोटोग्राफरचा अनुभव

आमच्या ओपीडीच्या बाकावर बसलं की नव्या पेशंटच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेट केलंत का?" दुसरा प्रश्न, "कितीला पडलं?" त्यातून कळलं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

मल्टिपल मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या, हाडांच्या आतल्या मगजातल्या, प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, मला झालाय. त्यापायी एक्स-रे, लो डोस सीटी, एमआरआय आणि पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून काढायचा फोटो) या चारही यंत्रांखाली मी आडवा होऊन आलोय. जन्मभराचा धंदा फोटोग्राफीचा. चिपळूणला स्टुडिओ, लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइझ अर्ध्या तासात. त्यामुळे आजार डॉक्टरांना कळतो, पण फोटो मलाही थोडाफार कळतो. सेंटरची नावं मुद्दाम देत नाही. यंत्र तेच राहतं, काउंटरवरची आणि रिपोर्ट लिहिणारी माणसं बदलतात, आणि माझा बराचसा राग-लोभ माणसांवरच आहे.

सुरुवात कंबरदुखीपासून. आमच्या धंद्यात कंबर कुणाची दुखत नाही? लाइट स्टँड उचला, खाली वाका, खुर्चीवर चढा. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला आणि "वयोमानाप्रमाणे झीज" म्हणून पट्टा आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. पुढे दम लागायला लागला, हिमोग्लोबिन आठावर आलं, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा फिजिशियनने रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायला लावली. त्यात एम बँड निघाला, म्हणजे प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या एकाच जातीच्या प्रोटीनचा पट्टा. घरचे अजूनही त्या पहिल्या एक्स-रेला शिव्या घालतात. मी घालत नाही, कारण नंतर कारण कळलं. मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर तिथलं भोक दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून निम्मं हाड शाबूत असावं.

निदान पक्कं होताना माझी स्केलेटल सर्व्हे झाली. नाव मोठं, काम साधं: कवटी, पाठीचा कणा, बरगड्या, दोन्ही दंड, कंबर, दोन्ही मांड्या, सगळ्यांचे वेगवेगळे एक्स-रे. मोडकळीला आलेल्या पाठीने एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, कडक टेबलावर. टेक्निशियन पोरगा गुणी होता, कॅसेट सरकवताना दर वेळी सांगायचा, "काका, आता थोडं दुखेल." कवटीच्या फिल्ममध्ये मात्र मला जे दिसायचं ते दिसलं. पंचिंग मशीनने पाडावीत तशी काळी, गोल, कडा स्वच्छ असलेली भोकं. रेडिओलॉजीच्या पुस्तकात याला पावसाच्या थेंबांची कवटी म्हणतात.

इथे फोटोवाल्याचं थोडं ऐकून घ्या. एक्स-रेची फिल्म म्हणजे कधीच प्रिंट न काढलेली निगेटिव्ह. हाड किरण अडवतं म्हणून फिल्म तिथे पांढरी राहते, आणि जिथे हाड खाल्लं गेलंय तिथून किरण आरपार जाऊन फिल्म काळी पडते. रोंटगेनने १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा अंगठीसकट जो फोटो काढला, त्याच्या पोटात हेच तंत्र आहे. रोलचा जमाना होता तेव्हा आमच्या गल्लीतला एक्स-रेवाला आणि मी एकमेकांकडून फिक्सर उसना घ्यायचो, आणि वापरलेल्या फिक्सरमधली चांदी काढणारा माणूसही दोघांकडे एकच यायचा. आता सगळं डिजिटल. वास गेला, डाग गेले, पण सावलीचं शास्त्र तेच. समोरचं आणि मागचं सगळं एकाच सावलीत. मणक्यावर आतड्यातला गॅस, बरगडीवर फुप्फुस, आणि त्या गर्दीत पाच मिलिमीटरचं भोक शोधायचं.

तरी एक्स-रे टाकाऊ नाही. मांडीच्या हाडाला मोठं भोक आहे आणि पेशंट पाय टाकताना ओरडतोय, तेव्हा हाड मोडायच्या बेतात आहे का हे बघायला तालुक्याच्या गावात तेच हाताशी असतं. सर्व्हेचं सगळं मिळून दोन हजारांच्या आत भागलं. पण मायलोमाची पहिली पूर्ण तपासणी म्हणून आज कुणी फक्त सर्व्हे लिहून दिला तर मी दुसरं मत घेईन.

कारण त्याची जागा सीटीने घेतली आहे. होल बॉडी लो डोस सीटी. आंतरराष्ट्रीय मायलोमा वर्किंग ग्रुपने २०१९ च्या शिफारशींमध्ये हाडांच्या पहिल्या तपासणीसाठी एक्स-रेऐवजी हीच सुचवली. कवटीपासून गुडघ्यापर्यंत सगळं एका झोक्यात. टेबलावर चढायला-उतरायला जो वेळ लागला तोच जास्त, प्रत्यक्ष फिरणं दोन मिनिटांत आटोपलं. कुशी बदलणं नाही. हाडांचा काळा-पांढरा भेद मुळातच मोठा असतो, त्यामुळे कमी किरणांत भागतं. साधारण ३ ते ६ मिलिसिव्हर्टचा हिशेब असतो. निसर्गातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे घाबरण्यासारखा हा आकडा नाही.

मला यात सगळ्यात आवडलं ते विंडो नावाचं प्रकरण. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर माऊस सरकवला आणि माझा तोच मणका आधी सपाट करडा होता तो कुरकुरीत झाला, जाळी न् जाळी मोकळी. डार्करूममध्ये आम्ही एकाच निगेटिव्हचा प्रिंट दोन नंबर कागदावर आणि चार नंबर कागदावर काढायचो, तेव्हा असाच फरक पडायचा. इथे कागद वाया जात नाही. माझ्या बाराव्या डॉर्सल, म्हणजे पाठीच्या, मणक्यात, डी-बारा म्हणतात त्याला, एक पोकळी होती. एक्स-रेवर मी ती भिंग लावून शोधली होती, सापडली नव्हती. सीटीवर ती मला चष्म्याशिवाय दिसली, शेजारी मणक्याची वरची पाटी खचलेलीही दिसली. सीटी किंवा पेट-सीटीच्या सीटीवर पाच मिलिमीटर किंवा मोठं असं एक जरी भोक असलं, तरी तो हाडांचा आजार धरला जातो.

आता तक्रार. एका सेंटरच्या काउंटरवर माझ्या फॉर्मवर "विथ कॉन्ट्रास्ट" (फोटो उठून दिसावा म्हणून शिरेत औषध टोचून) असं टिकमार्क करून टाकलं होतं, इन्जेक्शनसाठी सही पण मागितली. माझी मुलगी सोबत होती. ती म्हणाली, "बाबा, थांबा, क्रिएटिनिन किती लिहिलंय बघू." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कॉन्ट्रास्टचा उल्लेखच नव्हता. हाडं बघायच्या लो डोस सीटीला ते औषध लागतच नाही. आणि मायलोमात मूत्रपिंडावर आधीच प्रोटीनचा मारा चालू असतो, त्यात आयोडीनचं कॉन्ट्रास्ट कशाला ओतायचं? काउंटरवरच्या माणसाने "सगळ्यांना देतो" एवढंच उत्तर दिलं. म्हणून सांगतो, फॉर्म स्वतः वाचा, क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट खिशात ठेवा आणि टेबलावर झोपायच्या आधी टेक्निशियनला "मायलोमा आहे" हे तोंडाने सांगा.

एमआरआयबद्दल माझं मत जरा गुंतागुंतीचं आहे.

किरण शून्य, आणि बोन मॅरो बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. एक्स-रेला आणि सीटीला हाड खाल्लं गेल्यावर कळतं, हे यंत्र खाणारी टोळी जमलेली दाखवतं, हाड अजून उभं असतानाच. म्हणूनच २०१४ पासून मायलोमाच्या व्याख्येत एमआरआयला मान मिळाला. अंगात काही लक्षण नसलं तरी एमआरआयवर पाच मिलिमीटर किंवा मोठे असे एकापेक्षा जास्त डाग असतील, तर नुसतं बघत बसायचं नाही, उपचार सुरू करायचे. आमच्या बाकावर एक निवृत्त मास्तर आहेत. रक्तात एम बँड, पण हाडं, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड सगळं ठीक, म्हणजे धुमसता मायलोमा. त्यांचा सीटी स्वच्छ आहे, तरी डॉक्टरांनी होल बॉडी एमआरआय मागितला. मास्तरांना वाटलं बिल वाढवतायत. मला ते बरोबर वाटलं. ब्रिटनमध्ये तर नाइस या सरकारी आरोग्य-मार्गदर्शक संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात मायलोमाचा संशय असलेल्यांना पहिल्यांदा होल बॉडी एमआरआयच सुचवला आहे.

पण झोपणाऱ्याच्या बाजूने बघा. पाऊण तास ते तास. पाठीत खचलेला मणका, खाली पातळ गादी, तोंडासमोर वीतभर अंतरावर प्लास्टिकचं छप्पर, आणि कानावर हेडफोन लावूनही पत्रा ठोकल्यासारखा आवाज. टेक्निशियन मुलगी मायक्रोफोनवरून सांगते, "काका, हलू नका हं, फोटो हलेल." चाळीस वर्षं मी हे वाक्य लोकांच्या पोरांना ऐकवलं, आता माझी पाळी. हललं की खरंच फोटो हलतो. माझी एक सिरीज पुन्हा घ्यावी लागली कारण मला खोकला आला. जाण्याआधी वेदनेची गोळी कुठली आणि कधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. मायलोमात मनाने डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या खायच्या नाहीत, त्या मूत्रपिंडाला बाधतात.

यातला डिफ्युजन नावाचा भाग मात्र बघण्यासारखा. पाण्याचे रेणू मोकळे फिरतात की दाटीत अडकलेत, यावरून चित्र तयार होतं. जिथे पेशींची खच्चून गर्दी तिथे पाणी अडकतं आणि जागा उठून दिसते. औषधाने पेशी मेल्या की गर्दी मोडते आणि पाणी पुन्हा हलायला लागतं. इन्जेक्शन नाही, कॉन्ट्रास्ट नाही, नुसतं पाणी. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी मायलोमाचा होल बॉडी एमआरआय कसा काढायचा आणि रिपोर्ट कसा लिहायचा याची एक पद्धतही ठरवून दिली, माय-रॅड्स म्हणतात तिला. आपल्याकडची अडचण अशी की मशीन गावोगाव आलं, पण ही पद्धत बसवलेली सेंटर थोडी. फोन केला तर बऱ्याच ठिकाणी "होल स्पाइन स्क्रीनिंग करून देतो" म्हणतात. होल बॉडी मिळत नसेल तर पूर्ण कणा आणि ओटीपोटाच्या हाडांचा एमआरआय चालतो, नुसत्या कण्यावर भागवू नका. आणि पाय बधिर पडायला लागले, चालताना लटपटले, लघवी अडली, तर कुठलं सेंटर स्वस्त हे बघत बसू नका. मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो, आणि त्या वेळी एमआरआय त्याच दिवशी, जिथे मिळेल तिथे.

आता सगळ्यांचं लाडकं पेट.

भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे पेटचं किरणोत्सारी औषध बनवायचं यंत्र, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झालं. त्याआधी हा फोटो आपल्या देशात काढताच येत नव्हता, कारण त्यासाठी लागणारं औषध टिकत नाही. साखरेला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवलेलं असतं, एफडीजी, आणि दर ११० मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो. सायक्लोट्रॉनमध्ये बनवायचं, शिशाच्या डब्यात घालून गाडीने सेंटरला पोचवायचं, टोचायचं, तासभर थांबायचं आणि फोटो. गाडीला दोन तास उशीर झाला की डोस निम्म्यावर. हे कळल्यावर मला अपॉइंटमेंटची वेळ इतकी काटेकोर का असते ते समजलं. एका सेंटरला मात्र गाडी आली नाही हे आम्हाला सांगायलाच कुणी आलं नाही. सकाळपासून उपाशी बसलेली माणसं, त्यात दोघं मधुमेही, आणि काउंटरवर एकच पालुपद, "बसा, बोलावतो." वाहन बंद पडू शकतं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण "आज होणार नाही, जेवून घ्या" हे चार शब्द बोलायला सायक्लोट्रॉन लागत नाही. त्या सेंटरला माझे मार्क शून्य.

दुसऱ्या सेंटरचा अनुभव अगदी उलट. आदल्या दिवशी फोन आला. शेवटचं खाणं किती वाजता, मेटफॉर्मिन घेता का, इन्सुलिन घेता का, डेक्साची गोळी कधी घेतली, सगळं विचारलं. हा डेक्साचा प्रश्न विचारणारं सेंटर चांगलं समजा. मायलोमाच्या उपचारात डेक्सामिथाझोन असतंच, आणि त्याने साखर चढते. रक्तातली साखर २०० च्या वर गेली की बरीच सेंटर परत पाठवतात, कारण टोचलेली साखर आणि रक्तातली साखर पेशींत शिरायला एकमेकींशी झटापट करतात आणि फोटो फिका येतो. मी तारीख डेक्साच्या दिवसापासून लांब घेतली. साखर १६८ भरली, चाललं.

मग एका छोट्या खोलीत नेतात. आरामखुर्ची, अंगावर रजई, दिवे मंद. सिरिंज जाड धातूच्या नळकांड्यात घालून आणतात, टेक्निशियन टोचून झटकन बाहेर. मग तासभर बोलायचं नाही, मोबाइल नाही, पान चघळायचं नाही. जो स्नायू वापराल तो साखर ओढेल आणि फोटोत चमकेल. मला थंडी वाजली, रजई मागितली तर लगेच दुसरी दिली. एसी सगळीकडे कडक असतो, आणि कुडकुडलं तरी फोटोत नको तिथे चमक येते, म्हणजे हा पाहुणचारही उगीच नसतो.

फोटो मी मागून बघितला. अख्खं शरीर पांढऱ्यावर करड्या रंगात, मेंदू काळाकुट्ट, मूत्राशय काळंकुट्ट. छातीत धस्स झालं. टेक्निशियन म्हणाली, "अहो काका, मेंदू साखरच खातो, आणि उरलेली लघवीतून जाते. ते सगळ्यांचं असंच दिसतं." आमच्याकडे प्रकाश बाहेरून वस्तूवर पडतो आणि उलटून कॅमेऱ्यात येतो. इथे प्रकाश माणसाच्या आतून येतो. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, दोघंही संपतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातल्या दोन डोळ्यांनी ते एकाच क्षणी टिपले की मधल्या रेषेवर कुठेतरी उगम आहे हे ठरतं. अशा असंख्य रेषांतून माझा डी-बारा उमटला, काळा ठिपका.

आणि इथेच पेटचे पैसे वसूल होतात, पण पहिल्या फोटोत नाही, दुसऱ्यात. उपचार झाले, एम बँड जवळपास गेला, पुन्हा पेट-सीटी झालं. सीटीच्या भागात डी-बारामधली पोकळी जशीच्या तशी. बायको रिपोर्ट वाचून रडायलाच लागली, "अहो, भोकं तशीच आहेत की." मायलोमात हाड बांधणाऱ्या पेशी दबलेल्या असतात, त्यामुळे आजार गेला तरी भोकं बुजायचं नाव घेत नाहीत, कित्येकदा कधीच बुजत नाहीत. आमच्या कोकणातल्या घरात वासा पोखरलेला दिसला म्हणजे वाळवी आत आहेच असं नाही, ती कधीची मेलेली असू शकते. सीटी वासा दाखवतं, पेट वाळवी जिवंत आहे का ते दाखवतं. माझ्या डी-बाराने या वेळी साखर घेतली नव्हती. मोजमाप करताना यकृत जेवढी साखर घेतं त्याच्याशी तुलना करतात, पाच पायऱ्यांची डोव्हिल नावाची मोजपट्टी आहे. डाग यकृताहून फिका असला तर उत्तम. बोन मॅरोची सुई कमरेच्या एकाच जागी शिरते, मायलोमा मात्र हाडात ठिकठिकाणी चट्टे धरून बसतो. सुईला काही सापडलं नाही आणि दुसऱ्याच हाडात आजार शिल्लक, असं होऊ शकतं. म्हणून सुईबरोबर पेट.

पेटचे दोषही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. दहातल्या सुमारे एका मायलोमा पेशंटच्या पेशी ही साखर धरून ठेवतच नाहीत. त्यांच्यात साखर अडकवणारं हेक्सोकायनेज-२ हे एन्झाइम कमी असतं. आजार भरपूर, सीटीवर भोकं, आणि पेट स्वच्छ. उपचारांच्या आधी पेट केलेलंच नसेल तर नंतरच्या स्वच्छ पेटचा अर्थ काय लावणार? आजार गेला की तो मुळातच दिसत नव्हता? म्हणून पैशांचा प्रश्न असेल आणि दोनच फोटो परवडत असतील तर एक सुरुवातीला ठेवाच. उलटा घोटाळाही होतो. पांढऱ्या पेशी वाढवायची इन्जेक्शनं घेतली असतील तर सगळा बोन मॅरो उजळतो. ताजं फ्रॅक्चर उजळतं. माझ्या दुसऱ्या पेटमध्ये जबड्यात डावीकडे एक डाग आला. घरात पुन्हा सुतक. निघाली किडलेली दाढ. अर्थात तेही कळलं ते बरंच, कारण हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असताना दाढ आंधळेपणाने उपटायची नसते, जबड्याचं हाड मरण्याची भीती असते. दाताच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांशी बोलून रूट कॅनाल केलं.

मध्येच एक सावधगिरी. नात्यातले कुणी सांगतील, "कॅन्सर हाडात आहे ना, मग बोन स्कॅन करून घ्या, स्वस्त आहे." टेक्नेशियमचा तो बोन स्कॅन नवं हाड बांधलं जातंय तिथे उजळतो. मायलोमात बांधकामच बंद, मग उजळणार काय? दुसऱ्या कॅन्सरमध्ये तो कामाचा, आपल्यासाठी पैसे पाण्यात. आणि दर दोन महिन्यांनी पेट करा असं कुणी म्हणालं तरी विचारा, का? रोजचा पाठपुरावा रक्ताच्या एम प्रोटीनवर आणि लाइट चेनवर, म्हणजे त्याच प्रोटीनच्या तुकड्यांवर, चालतो. ज्यांच्या रक्तात प्रोटीन उतरतच नाही अशा थोड्या लोकांची गोष्ट वेगळी, त्यांना फोटोंवरच भिस्त ठेवावी लागते.

यंत्रांपेक्षा मला रिपोर्टबद्दल जास्त बोलायचंय, कारण आपण विकत घेतो तो रिपोर्ट. एका सेंटरचा रिपोर्ट दीड ओळीचा: अनेक हाडांत लायटिक (हाड खाल्लेले) डाग, कृपया लक्षणांशी ताडून पाहावे. किती, केवढे, कुठे, आधीपेक्षा वाढले की कमी झाले? काही नाही. लग्नाच्या अल्बमवर "बरीच माणसं आली होती" एवढंच लिहून दिलं असतं तर पार्टीने मला पैसे दिले असते का? उलट त्या विंडोवाल्या मॅडम. त्यांनी आधीच्या सेंटरची माझी सीडी मागून घेतली, दोन्ही स्कॅन स्क्रीनवर शेजारी लावले आणि एकत्र फिरवले. डी-बारा इकडे, डी-बारा तिकडे. उजव्या मांडीच्या हाडातला एक डाग त्यांनी मोजला, हाडाच्या भिंतीला किती टेकलाय ते बघितलं आणि रिपोर्टमध्ये फ्रॅक्चरचा धोका वेगळा लिहिला. त्या एका वाक्यामुळे मला काही दिवस काठी घ्यावी लागली आणि जिना बंद झाला. ही तुलना करायला त्यांना माझ्या हिशेबाने दहा मिनिटं जास्त लागली असतील. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच होते, दहा ते वीस हजारांच्या मधले.

म्हणून सीडी. काउंटरवर चकचकीत कागदावर छापलेले रंगीत फोटो देतात, लोक खूश होऊन ते फ्रेम केल्यासारखे फायलीत लावतात. ते प्रिंट निकामी. मूळ स्कॅनच्या, डायकॉम म्हणतात त्या, फाइल असलेली सीडी किंवा लिंक मागा आणि तिथल्या तिथे उघडून दाखवायला लावा. माझी एक सीडी मुंबईत डॉक्टरांसमोर उघडलीच नाही, पुन्हा माणूस पाठवून दुसरी आणावी लागली. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या दुकानातल्या तीस-पस्तीस वर्षांच्या निगेटिव्ह चिखलात गेल्या, त्यामुळे ही शिस्त मला अंगावर पडून आली आहे. स्कॅनच्या सीड्या वरच्या मजल्यावर, एक प्रत मुलीकडे ठाण्याला, एक पेनड्राइव्हमध्ये.

कोकणातून पेटला जाणाऱ्यांसाठी थोडं. आदल्या दिवशीच मुंबई गाठा, मी मांडवी एक्सप्रेसने ठाण्याला मुलीकडे उतरतो. रात्रभर महामार्गाचे खड्डे खात उपाशीपोटी पोचलात तर पाठ तर जातेच, शिवाय स्नायूही चमकतात. मधुमेह असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या आणि त्या दिवशी लहान मुलांना, गरोदर बाईला जवळ घेऊ नका. सेंटरवाले किती तास ते सांगतात. नातू दारात धावत आला की लांब उभं राहायला जड जातं, म्हणून मी संध्याकाळ बाहेरच काढतो. पोटभर इडली-सांबार आणि एक फिल्टर कॉफी.

पुढचं पेट दिवाळीनंतर आहे. डागाने किती साखर ओढली तो पेटमधला आकडा मशीन बदललं की थोडा बदलतो, दोन आकडे ताडायचे तर मशीन एकच हवं. अपॉइंटमेंट घेताना मी मशीन कुठल्या कंपनीचं, गेल्या वेळचंच ना, असं विचारलं. काउंटरवरची मुलगी हसली, म्हणाली, "काका, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." पण उठून आत जाऊन विचारून आली आणि माझ्या नावापुढे लिहून घेतलं.